छाट

हॉल नंबर सातमध्ये आम्ही दोनशे अकरा.
पंखे आठ, फिरणारे पाच,
आणि बिराजदार सरांचा आवाज
नवव्या बाकापर्यंत येतो.
तिथून मागं नुसते ओठ.

पहिलं सत्र मी ओठच बघितले.
बाविसावा बाक, भिंतीला पाठ,
शेजारी नाझनीन : "झोप येऊलालीय बे."
हजेरीला 'यस सर' म्हटलं
की माझं कॉलेज संपायचं.
वही उघडी, पेन उघडं,
मी अक्कलकोट रोडवर कुठंतरी.

स्टॅटिस्टिक्स : चाळीसपैकी अकरा.

आई मार्क विचारत नाही.
आज तास किती झाले, एवढंच.
"चार," म्हटलं
आणि ती पुन्हा सुपावर वाकली.
अठ्ठेचाळीस मिनिटांत तिच्या हातून ऐंशी विड्या,
म्हणजे तीन कट्टे, वर पाच.
चार तासांचे बारा कट्टे, वर वीस.
हा हिशेब तिनं नाही मांडला.
मीच मांडला, उजवणीच्या वहीत,
आणि पान फाडून टाकलं.

गड्ड्याची सुट्टी संपल्यावर पुढं सरकले.
एकदम नाही, एकदम गेलं की सगळे बघतात.
अठरावा. बारावा. फेब्रुवारीत पाचवा.
पाचव्या बाकावर खडू नाकात जातो
आणि कळतं,
सर महत्त्वाचं काही सांगणार असले
की डस्टर टेबलावर ठेवतात.
दोनशे जणांना हे माहीत नाही.

फळा जसाच्या तसा उतरवणं सोडलं.
पान मधोमध दुमडलं,
डावीकडं सर, उजवीकडं मी.
उजवीकडं बरेच दिवस
नुसतीच प्रश्नचिन्हं.

लक्ष जायचंच.
मार्चमध्ये पत्रा तापला की
डब्यातली शेंगाचटणीसुद्धा हाक मारते.
गेलं, की समासात एक टिंब द्यायचं
आणि परत यायचं, स्वतःला न रागावता.
एका तासात एकोणीस टिंबं. मग चौदा. मग सहा.
एकदा पुन्हा बावीस :
त्या पहाटे तीनला नळाला पाणी आलं होतं.

आणि तो बुधवार.
फळ्यावर दहा आकडे, सरासरी, विचलनं.
विचलनांची बेरीज शून्य यायला हवी,
सरांची आली चार.
सर पुढं निघाले. दोनशे पेनं त्यांच्या मागं.
माझा हात मात्र अडला,
आईचा अडतो तसा,
कट्ट्यात चोवीसच भरल्या की
न मोजताच.

"सर, ते वजा कुठं गेलं की?"

आमच्या घरातल्या तेलुगूची गाठ
त्या 'की'ला तशीच होती.
मागचे बाक हसले.
सर फळ्याकडं वळले.
बोट फिरवत खाली आले, थांबले,
पुन्हा वर गेले.
मला वाटलं, संपलं आता.
"कोण बोललं?"
उभी राहिले. गुडघा बाकावर आपटला.
"रोल नंबर दोनशे तीन, सर. येमूल पद्मजा."
त्यांनी दोनाच्या आधी एक आडवी रेघ मारली.
"इथं. बसा."
एवढंच.
डस्टर टेबलावर ठेवलं त्यांनी, ते मी बघितलं.

सुटल्यावर नाझनीन वही मागायला आली.
दिली नाही.
म्हटलं, उद्या सहाव्या बाकावर ये,
माझी पाठ दिसेल, फळाही दिसेल.
ती आली नाही. परवा आली.

संध्याकाळी आई कारखान्यातून आली,
ओच्यात चेकरनं परत केलेल्या विड्या.
"आज किती छाट?" मी विचारलं.
"चाळीस. पानंच कोरडी होती." मग म्हणाली,
"तुझी?"
मी वही उघडली,
उजव्या बाजूची तीन प्रश्नचिन्हं दाखवली.
तिला वाचता येत नाही.
बोटानं मोजली तिनं, एक, दोन, तीन,
आणि म्हणाली,
"टाकू नको.
सोडून परत वळता येतात."